बिनतारी कन्सोल : सोय आणि पहारा

राउटरच्या बहुतेक पोर्टमधून वाहतूक जाते-येते. एक पोर्ट मात्र वेगळा असतो. त्यातून वाहतूक जात नाही, फक्त राउटरशी बोलता येते. हा कन्सोल पोर्ट. आयपी पत्ता चुकीचा पडला, फर्मवेअर बिघडले, पासवर्ड हरवला किंवा यंत्र नुकतेच खोक्यातून बाहेर काढले, तर नेटवर्कवरून राउटरपर्यंत पोहोचता येत नाही. कन्सोलवरून येते. वीज मिळाल्यापासून राउटर आपल्या सुरुवातीची हकिगत याच पोर्टवर लिहीत असतो.

या पोर्टची रीत जुनी आहे. आरएस-२३२ हे मानक अमेरिकेत १९६० मध्ये आले आणि त्याची प्रसिद्ध ‘सी’ आवृत्ती १९६९ मध्ये निघाली. त्यात उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे ‘एक’ आणि अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे ‘शून्य’. सिस्कोच्या राउटरवर वेग बहुधा ९६०० बॉड ठेवलेला असतो. एका अक्षराला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. एवढा संथ संवाद वाहून न्यायला मोठे यंत्र लागत नाही. म्हणूनच वाय-फाय असलेला स्वस्त मायक्रोकंट्रोलर या कामाला पुरतो. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी ८२६६ ही चिप २०१४ पासून हौशी मंडळींच्या हाती आली आणि तिची धाकटी बहीण ईएसपी ३२ ही २०१६ मध्ये. यांचे तयार बोर्ड काही शे रुपयांत मिळतात. सिरियल पोर्टवर आलेले अक्षर वाय-फायवर सोडायचे आणि वाय-फायवरून आलेले सिरियल पोर्टवर, एवढेच त्यांचे काम.

म्हैसूरसारख्या शहरात या सोयीला गिऱ्हाईक आहे. येथे विस्तीर्ण आवारांच्या शिक्षणसंस्था, संशोधनसंस्था आणि प्रशिक्षण केंद्रे आहेत. केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेसारखी संस्था १९५० पासून चेलुवांबा महालात नांदते आहे. जुन्या, जाड भिंतींच्या वास्तूंत नव्याने नेटवर्क आणताना रॅक जिथे जागा मिळेल तिथे बसतो: जिन्याखाली, कपाटामागे, माळ्यावर. तिथे आखूड कन्सोल केबल लावून लॅपटॉप मांडीवर घेऊन बसणे हे नेटवर्कवाल्यांचे नेहमीचे दुखणे. बिनतारी जोड ते दुखणे दूर करते, पण त्यासोबत दुसरा एक प्रश्न आणते. त्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू पुढे एका नेटवर्क अभियंत्याच्या आणि एका सुरक्षा परीक्षकाच्या तोंडून मांडल्या आहेत.

१. तीन तारा

अभियंता : साहेब, जोडणी पाहिलीत तर भीती वाटायचे कारण नाही. कन्सोलच्या आरजे-४५ सॉकेटमध्ये आठ पिना असल्या तरी लागतात तीनच. तिसऱ्या पिनेवर राउटर बोलतो, सहावीवर ऐकतो, चौथी किंवा पाचवी ग्राउंडची. मध्ये एक लेव्हल कन्व्हर्टर, मागे ईएसपीचा बोर्ड. सामान पुण्यात पासोड्या विठोबाजवळ मिळते, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर. म्हैसूरकर बंगळूरच्या एस. पी. रोडवरून आणतात.

परीक्षक : मधला कन्व्हर्टर वगळून थेट जोडणारेही असतात.

अभियंता : ते बोर्ड जाळतात. ईएसपीची पिन ३.३ व्होल्टची. तिच्यावर आरएस-२३२ चे उणे-अधिक व्होल्ट गेले की ती मेलीच. शिवाय दोन्हीकडचे ‘एक’ आणि ‘शून्य’ उलटे असतात. पिन वाचली तरी पडद्यावर कचराच येईल. मॅक्स ३२३२ ही चिप आणि ०.१ मायक्रोफॅरडचे मोजके कपॅसिटर एवढ्यात दोन्ही अडचणी मिटतात.

घरगुती राउटरची गोष्ट वेगळी असते. त्यांना बाहेर कन्सोल पोर्ट नसतो. झाकण उघडल्यावर आतल्या पाटीवर तीन-चार पिनांची रांग सापडते. तिथले व्होल्टेज बहुधा ३.३ असते आणि वेग बहुधा १,१५,२०० बॉड, म्हणून कन्व्हर्टरशिवाय ईएसपी थेट जोडता येतो. काही पाट्यांवर १.८ व्होल्ट असतात, त्यामुळे मल्टिमीटरने मोजल्याशिवाय तार लावू नये. अलीकडच्या मोठ्या राउटरवर यूएसबी कन्सोलही असतो, पण ईएसपी ८२६६ ला यूएसबी यजमान होता येत नाही. अशा राउटरवरही आरजे-४५ सोबत दिलेला असेल तर तोच सोपा मार्ग.

परीक्षक : जोडणी बरोबर केली असे धरू. तरी या चिपला एक खोड आहे. वीज मिळताच ईएसपी ८२६६ आपल्याच मुख्य सिरियल पिनेवर ७४,८८० बॉडने काहीतरी बडबडते. राउटरला ती अक्षरे कोणी कळ दाबल्यासारखी वाटतात.

अभियंता : खरे आहे. घरगुती राउटर सुरू करणारा यू-बूट हा प्राथमिक प्रोग्रॅम ‘थांबवायचे असेल तर कळ दाबा’ म्हणून काही सेकंद वाट पाहतो. राउटर आणि बोर्ड एकदम चालू झाले, तर ती बडबड ऐकून तो तिथेच अडकू शकतो. उपाय साधा आहे. ईएसपी ८२६६ वर सिरियलचे काम १३ आणि १५ क्रमांकाच्या पिनांकडे वळवायचे किंवा ईएसपी ३२ घेऊन त्याचा दुसरा सिरियल पोर्ट वापरायचा.

२. वीज जाते तेव्हा

परीक्षक : बोर्डाला वीज कुठून देता?

अभियंता : बरेच जण राउटरच्याच यूएसबी पोर्टमधून घेतात. पाच व्होल्ट आयते मिळतात.

परीक्षक : आणि राउटर बंद-चालू केला की?

अभियंता : तिथेच फसतात. राउटर पुन्हा सुरू होताना त्याचा यूएसबी पोर्टही मेलेला असतो. बोर्ड उठतो, वाय-फाय लावतो, लॅपटॉप त्याला जोडला जातो, तोवर सुरुवातीच्या ओळी निघून गेलेल्या असतात. कन्सोल ज्या ओळींसाठी लावला, त्याच दिसत नाहीत. म्हणून वेगळा चार्जर किंवा पॉवर बँक हवी. पॉवर बँकेचा आणखी एक फायदा आहे. लॅपटॉप आणि रॅक यांच्यामध्ये तारच उरत नाही. अर्थिंग कच्चे असलेल्या जुन्या इमारतीत, वळवाच्या गडगडाटात, ही गोष्ट लहान नाही.

परीक्षक : बोर्ड वाय-फाय कोणते धरतो? आवाराचे?

अभियंता : नाही. आवाराचे वाय-फाय त्याच राउटरवर चालते. राउटर पडला की तेही पडणार आणि कन्सोलची वाट नेमकी गरजेच्या वेळी बंद होणार. कन्सोलची वाट मुख्य रस्त्यापासून वेगळीच असली पाहिजे. म्हणून बोर्ड स्वतःचा हॉटस्पॉट काढतो. दहा-वीस मीटरवर, पलीकडच्या खोलीत खुर्चीवर बसून काम होते.

परीक्षक : ब्लूटूथ का नको? पल्ला तरी कमी राहील.

अभियंता : चालते, पण निवडून घ्यावे लागते. मूळ ईएसपी ३२ मध्ये जुने, सिरियलसाठी सोयीचे ब्लूटूथ आहे. सी-३ आणि एस-३ या नव्या जातींत फक्त कमी-ऊर्जेचे ब्लूटूथ आहे. अँड्रॉइड फोनवर जुने ब्लूटूथ सिरियल सहज चालते, आयफोनवर नाही.

जोड वाय-फायची असो वा ब्लूटूथची, ‘ब्रेक’ या इशाऱ्याचा विचार आवश्यक ठरतो. सिस्कोच्या अनेक राउटरमध्ये हरवलेल्या पासवर्डवरचा उपाय कन्सोलवरच असतो. वीज बंद करून चालू करायची, पहिल्या मिनिटाच्या आत ब्रेक पाठवायचा, रॉममॉन या प्राथमिक अवस्थेत कॉन्फिगरेशन रजिस्टर २१४२ करायचे आणि राउटर पुन्हा सुरू करायचा. तो जुने कॉन्फिगरेशन न वाचता, म्हणजे पासवर्ड न विचारता उठतो. ब्रेक हे अक्षर नव्हे. एका अक्षराच्या वेळेपेक्षा अधिक काळ तार ‘शून्या’वर धरून ठेवणे म्हणजे ब्रेक. ९६०० बॉडला एका अक्षराला सुमारे एक मिलिसेकंद लागतो. साधा अक्षरवाहू पूल हा इशारा पोहोचवू शकत नाही. टेलनेटवर ब्रेकसाठी वेगळी आज्ञा आहे. १९९७ च्या आरएफसी २२१७ या टिपणाने वेग, पॅरिटी आणि ब्रेक हे सारे दुरून हाताळण्याची रीत ठरवून दिली. बोर्डातील फर्मवेअरने यांपैकी एकही रीत पाळली नाही, तर ऐन अडचणीत बिनतारी कन्सोल निरुपयोगी ठरतो.

फर्मवेअर चढवण्याच्या कामालाही मर्यादा आहे. ३० एमबीची प्रतिमा एक्समोडेमने कन्सोलवरून ९६०० बॉडला चढवायची तर नऊ तासांहून जास्त लागतात. १,१५,२०० बॉडला पाऊण तास. त्यात एक्समोडेम प्रत्येक लहान पुडक्यानंतर पोच मागतो आणि वाय-फायवर त्या पोचेला उशीर होतो. असे काम केबलवर किंवा इथरनेटवरच करावे.

३. भिंतीपलीकडे

परीक्षक : आता माझा मुख्य आक्षेप. कन्सोल पोर्टवर कडक पहारा का नसतो? कारण तो खोलीच्या आत असतो. ज्याला खोलीची किल्ली दिली त्याच्यावर भरवसा ठेवला, असा सगळा हिशेब आहे. वाय-फाय लावले की खोली भिंतीपाशी संपत नाही.

अभियंता : म्हैसूरच्या जुन्या भिंती चांगल्या जाड आहेत.

परीक्षक : खिडक्याही मोठ्या आहेत. याच गावात १९३५ मध्ये मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या घरातून ‘आकाशवाणी’ नावाचे केंद्र चालू केले होते. यंत्र छोटे होते, तरी आवाज घराबाहेर जात होता, आणि तो जावा म्हणूनच तर खटाटोप होता. तुमच्या या ईएसपीच्या पेटीचा आवाज मात्र कोणालाच ऐकू जायला नको, आणि लहर ते विचारत नाही.

अभियंता : हॉटस्पॉटला पासवर्ड असतो.

परीक्षक : एकच आणि सगळ्यांना ठाऊक. डब्ल्यूपीए २ च्या सामायिक पासवर्डची खोट तुम्हाला माहीत आहे. पासवर्ड जाणणाऱ्याने दुसऱ्याची जोडणी सुरू होतानाची देवघेव टिपली, तर त्याचे सारे बोलणे वाचता येते. आत साधे टेलनेट असेल, तर राउटरचा पासवर्डही उघडा. शिवाय ईएसपी ८२६६ वर साठवणीचे कूटलेखन नाही. बोर्ड कोणी खिशात घातला, तर वाय-फायचा पासवर्ड त्याच्या फ्लॅशमधून काढणे हे अवघड काम नव्हे.

अभियंता : म्हणून ईएसपी ३२ घ्यावा. त्यात फ्लॅशचे कूटलेखन आहे, सही तपासून सुरू होण्याची सोय आहे, टीएलएस आणि एसएसएच चालवण्याइतका दम आहे. नव्या फर्मवेअर-संचात डब्ल्यूपीए ३ आहे.

परीक्षक : सोय आहे, पण ती चालू कोण करतो? आणि २०१९ मध्ये त्या संरक्षणालाही बगल देता येते हे दाखवले गेले. व्होल्टेजला नेमक्या क्षणी झटका देऊन पहिल्या पिढीच्या ईएसपी ३२ मधील गुप्त किल्ली वाचता आली. कंपनीला चिपची सुधारलेली आवृत्ती काढावी लागली.

अभियंता : त्यासाठी बोर्ड हातात घेऊन प्रयोगशाळेत बसावे लागते. आणि ज्याच्या हातात बोर्ड, त्याच्या हातात राउटरही असतोच. उलट २०२५ च्या मार्चमध्ये ईएसपी ३२ मध्ये ‘चोरदार’ सापडल्याचा गवगवा झाला. त्यात प्रत्यक्षात ब्लूटूथच्या २९ अनोंदलेल्या आज्ञा निघाल्या, ज्या दुरून आपोआप चालवता येत नाहीत. शोधणाऱ्यांनीच पुढे ‘चोरदार’ हा शब्द मागे घेतला. भीतीलाही माप हवे.

परीक्षक : मग मापातलीच सांगतो. पासवर्ड बदलण्याचा जो उपाय तुम्ही ब्रेकने करता, त्याला वीज बंद-चालू व्हावी लागते. खोलीबाहेरच्या माणसाला राउटरचे बटण दाबता येत नाही. पण उन्हाळ्यात वादळी पावसाने वीज गेली, यूपीएस दमले आणि राउटर आपोआप पुन्हा सुरू झाला, तर बटण दाबायची गरजच उरत नाही. हॉटस्पॉट मिळालेला माणूस फक्त वाट पाहतो.

अभियंता : राउटरवर ही पळवाट बंद करण्याची आज्ञा आहे.

परीक्षक : आहे, पण मग खरोखर पासवर्ड हरवला की सगळे कॉन्फिगरेशन पुसल्याशिवाय तुम्हालाही आत जाता येत नाही. राखलेली प्रत नसेल तर आवारभर अंधार.

अभियंता : त्यापेक्षा ब्रेक पेटीनेच अडवावा. पेटीवर खरे बटण ठेवायचे. ते दाबलेले असेल तरच ब्रेक पुढे जाईल. म्हणजे त्या एका कृतीसाठी माणूस पुन्हा खोलीत लागेल.

परीक्षक : हे पटते. आता दुसरे. केबल काढली म्हणून राउटरवरचे सत्र संपत नाही. मागचा माणूस अधिकाराच्या अवस्थेत काम अर्धवट सोडून गेला, तर पुढच्याला पासवर्डशिवाय तयार दार मिळते. तीन तारांच्या जोडणीत ‘समोर कोणी उरले नाही’ हे सांगणारी तारच नसते.

अभियंता : सिस्कोवर मुळात दहा मिनिटांची मुदत असते. प्रयोगशाळेत वैताग नको म्हणून लोक ती शून्य करून ठेवतात, म्हणजे कधीच न संपणारी. तसे करू नये. कन्सोलवरही नाव आणि पासवर्ड मागावा, मुदत पाच मिनिटे ठेवावी आणि एका वेळी एकालाच लिहू द्यावे.

४. नोंद कोण ठेवणार

परीक्षक : कायद्याचे दोन शब्द. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ पासून ठरावीक ताकदीच्या आत परवान्याशिवाय वापरता येतो, त्यामुळे लहरीबद्दल तक्रार नाही. पण सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात आणि अनधिकृत प्रवेशासारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. तुमची पेटी कोण आले, कोण गेले, हे कुठे लिहिते?

अभियंता : लिहू शकते. आणि इथेच तिचा सर्वांत मोठा उपयोग आहे, ज्याकडे दोन्ही बाजू दुर्लक्ष करतात. राउटर कोसळतो तेव्हा शेवटच्या ओळी कन्सोलवर टाकतो. त्या वेळी केबल लावून कोणी बसलेले नसते. राउटर पुन्हा उठतो आणि अनेकदा पुरावा गेलेला असतो. पेटी कायम लावलेली असेल, तर त्या ओळी वेळेसह नोंद-सर्व्हरकडे जातात. मध्यरात्री पडलेल्या राउटरचे कारण सकाळी वाचता येते.

परीक्षक : पण कायम लावलेली पेटी म्हणजे कायम उघडी खिडकी.

अभियंता : एक तार कमी जोडली तर नाही. राउटर ज्या पिनेवर बोलतो ती, म्हणजे तिसरी, आणि ग्राउंड, एवढेच पेटीला जोडायचे. सहावी पिन मोकळी सोडायची. मग पेटी ऐकते, बोलू शकत नाही. फर्मवेअर कोणी ताब्यात घेतले, पासवर्ड फोडला, काहीही केले, तरी राउटरपर्यंत एक अक्षर जाण्याची वाटच नाही.

परीक्षक : ऐकलेल्यातही गुपिते असतात. कॉन्फिगरेशन पडद्यावर कोणी काढले तर ते नोंदीत जाईल.

अभियंता : म्हणून नोंद कूटलेखनातून जावी आणि पासवर्ड राउटरमध्ये उघडे लिहिलेले नसावेत. पण ऐकणाऱ्याने केलेले नुकसान आणि लिहिणाऱ्याने केलेले नुकसान यांत फरक आहे.

परीक्षक : तो फरक मान्य. लिहिणारी जोड कायम हवीच असेल, तर ती बिनतारी नको. तारेच्या वेगळ्या व्यवस्थापन-नेटवर्कवर तयार टर्मिनल सर्व्हर लावा. महाग पडतो, पण त्यात प्रत्येक माणसाचे वेगळे खाते असते आणि चुका निघाल्या की सुधारणा पाठवणारा कोणीतरी असतो. तुमच्या पेटीचे फर्मवेअर तुमच्या बदलीनंतर कोण सांभाळणार?

अभियंता : याला माझ्याकडे उत्तर नाही. घरी जुळवलेल्या पेटीचा खरा खर्च बोर्डाच्या किमतीत नसतो, तिला वर्षानुवर्षे सांभाळण्यात असतो.

५. निष्कर्ष

दोन्ही बाजूंचे म्हणणे तीन वेगळ्या वापरांना वेगळे लागू पडते. त्यांची गल्लत झाली की वाद संपत नाही.

पहिला वापर थैलीतल्या हत्याराचा. अभियंता पेटी घेऊन जातो, पॉवर बँकेवर चालवतो, पलीकडच्या खोलीत बसून काम करतो आणि काढून घेऊन येतो. येथे ईएसपीची पेटी योग्य आहे. तिला लांब आणि वेळोवेळी बदललेला पासवर्ड असावा, टेलनेटऐवजी कूटलेखित जोड असावी, ब्रेकसाठी बटण असावे आणि काम संपल्यावर राउटरमधून रीतसर बाहेर पडावे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही ती याच प्रकारात बसते. एकाच राउटरचे बोलणे अनेक विद्यार्थ्यांच्या पडद्यांवर एकाच वेळी दाखवायला ती स्वस्त साधन ठरते.

दुसरा वापर कायमच्या श्रोत्याचा. राउटर कोसळण्याच्या नोंदी मिळवण्यासाठी पेटी रॅकमध्ये राहू शकते, पण सहाव्या पिनेची तार न जोडता.

तिसरा वापर कायमच्या लिहिणाऱ्या जोडीचा. येथे बिनतारी पेटी लावू नये. दूरच्या इमारतीतील राउटर वारंवार कन्सोलवरून हाताळावा लागत असेल, तर तारेवरचा टर्मिनल सर्व्हर हाच मार्ग.

कन्सोल पोर्टची सुरक्षितता खोलीच्या कुलुपावर उभी असते. बिनतारी पेटी ते कुलूप निरर्थक करते, म्हणून पेटी लावणाऱ्याने त्याच्या जागी दुसरे कुलूप आधी बसवावे आणि मग वीज जोडावी. ज्या आवारात अशी पेटी पूर्वीच कोणी लावून ठेवली असेल, तिथल्या व्यवस्थापकांनी रॅकमागे एकदा पाहावे: तिची सहाव्या पिनेची तार जोडलेली आहे का, आणि असेल तर तिची जबाबदारी कोणाच्या नावावर आहे.